एका दिवसात 67 लाख टक्के

धनत्रयोदशीला, 29 ऑक्टोबर 2024 रोजी, मुंबई शेअर बाजारात एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचा शेअर 3 रुपये 53 पैशांवरून थेट 2,36,250 रुपयांवर गेला. वाढ सुमारे 67 लाख टक्के. आदल्या दिवशी कुणी 10 हजार गुंतवले असते, तर त्याचे 66 कोटींच्या वर झाले असते. हिशेब चोख आहे. फक्त त्यात विकणारा कुठेच नाही.

एल्सिडचा कारखाना नाही, दुकान नाही. ही नुसती गुंतवणूक सांभाळणारी कंपनी. तिच्या तिजोरीतला मुख्य ऐवज म्हणजे एशियन पेंट्सचे जवळपास 3 टक्के शेअर, तेव्हाच्या भावाने 8 हजार कोटींहून जास्त किमतीचे. आणि एल्सिडचे स्वतःचे शेअर किती? अवघे 2 लाख, त्यातले तीन चतुर्थांश प्रवर्तकांकडे. म्हणजे प्रत्येक शेअरच्या पाठीशी चार लाखांची मालमत्ता. ती साडेतीन रुपयांना कोण देईल? कंपनीने त्या वर्षी लाभांशच शेअरमागे 25 रुपये दिला होता, भावाच्या सातपट!

3.53 हा आकडा म्हणजे खरं तर शेवटच्या सौद्याची शिळी नोंद. पण बाजार भांडवल काढताना हाच भाव धरायचा आणि त्याला एकूण शेअरसंख्येने गुणायचं. त्यामुळे सोमवारी कागदोपत्री अख्खी कंपनी 7 लाख 6 हजारांची, छोट्या मोटारीच्या किमतीत येणारी. मंगळवारी तीच 4,725 कोटींची. तिजोरीत मधल्या रात्री एक रुपयाही वाढला नव्हता.

मग भाव हळूहळू का चढला नाही? सर्किटमुळे, म्हणजे भावाच्या रोजच्या चढउताराला असलेल्या मर्यादेमुळे. दिवसाला 5 टक्क्यांची मर्यादा धरली, तर 3.53 वरून 2,36,250 गाठायला रोज वरचं सर्किट लागूनही 228 सत्रं लागतात, म्हणजे जवळजवळ वर्ष. तेही रोज कुणीतरी विकायला तयार असेल तर. म्हणून सेबीने जून 2024 मध्ये अशा होल्डिंग कंपन्यांसाठी भावमर्यादा नसलेल्या विशेष लिलावाची सोय केली. त्या लिलावातून आलेली 67 लाख टक्क्यांची ही वाढ एका दिवसाची कमाई नव्हेच. वर्षानुवर्षांची थकबाकी एका सौद्यात चुकती झाली, इतकंच.

गंमत म्हणजे, एवढं होऊनही भाव आतल्या मालमत्तेच्या निम्म्याच्या आसपासच थांबला. बाजार होल्डिंग कंपन्यांना अशी सूट लावतोच, आणि ते रास्तही आहे. एल्सिडचा शेअर घेणाऱ्याला एशियन पेंट्सचे शेअर हातात मिळत नाहीत. तिजोरीची किल्ली प्रवर्तकांकडे. पुढच्या दहा-बारा दिवसांत उत्साहाच्या भरात भाव तीन लाखांपलीकडे गेला आणि मग उतरू लागला. आता विकणारेही आले होते.