कचेऱ्या सुटल्यानंतरचे शहर

शहराच्या मध्यवर्ती भागातील गुन्हेगारीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन मागण्या हमखास होतात: गस्त वाढवा आणि कॅमेरे बसवा. दोन्ही रास्त आहेत. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न बाजूला पडतो. दुपारी हजारो माणसे ज्या रस्त्यावरून निर्धास्त जातात, तोच रस्ता रात्री नऊ वाजता भीतिदायक का वाटतो? पोलीस ठाणे तेच असते, इमारती त्याच असतात. नसते ती माणसांची वर्दळ. मुंबईच्या फोर्ट भागात अनेक वर्षे नोकरी केल्याने हा फरक मी रोज पाहत आलो. त्याची कारणे शोधताना जे हाती लागले, ते येथे मांडतो.

या प्रश्नाचा सर्वांत नेमका विचार केला तो जेन जेकब्स या न्यूयॉर्कमधील लेखिकेने. ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ हे त्यांचे पुस्तक 1961 साली प्रसिद्ध झाले. रस्त्यावरची शांतता प्रामुख्याने पोलीस राखत नाहीत. तिथे आपापल्या कामानिमित्त असलेली माणसे नकळत ती राखतात, असे त्यांचे म्हणणे. दुकानदार, खिडकीत बसलेली आजी, कोपऱ्यावर गप्पा मारणारे लोक यांना त्यांनी ‘रस्त्यावरचे डोळे’ म्हटले. हे डोळे दिवसभर टिकायचे, तर एकाच भागात घरे, दुकाने, कचेऱ्या, खाणावळी, नाट्यगृहे यांची सरमिसळ हवी. नुसत्या कचेऱ्यांचा भाग संध्याकाळनंतर ओस पडतो. त्यांनी यासाठी दाखला दिला तो वॉल स्ट्रीटच्या परिसराचा.

या विचाराची कसोटी पुढे त्याच शहराच्या ब्रायंट पार्कमध्ये लागली. मॅनहॅटनच्या ऐन मध्यात, 42व्या रस्त्यावर, सार्वजनिक ग्रंथालयाच्या मागे हे उद्यान आहे. 1970च्या दशकात ते अमली पदार्थांच्या विक्रीचा अड्डा झाले होते. विल्यम व्हाइट या समाजशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला. त्यांना दिसले ते असे: उद्यान रस्त्यापेक्षा उंचावर होते, भोवती कुंपण आणि दाट झुडपे होती, आत जायच्या वाटा मोजक्या होत्या. बाहेरून आतले दिसत नव्हते, म्हणून सामान्य माणूस आत जात नव्हता. आणि तो जात नव्हता म्हणूनच विक्रेत्यांचे फावत होते. उद्यान 1988 मध्ये बंद करून 1992 मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा झुडपे काढलेली होती, प्रवेशमार्ग वाढवले होते, हव्या तिथे ओढून बसता येतील अशा सुट्या खुर्च्या ठेवल्या होत्या. स्वच्छतागृहही नीट केले होते. पहारेकरी होतेच, पण उद्यान भरले ते बसायला आलेल्या लोकांनी. व्हाइट यांची एक खूण मला फार उपयोगी वाटते: एखाद्या जागी बायका किती प्रमाणात आहेत ते मोजा. त्या जागा चोखंदळपणे निवडतात. त्यांची संख्या घटली की काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

सारे श्रेय या मांडणीला देता येणार नाही. 1990च्या दशकात संपूर्ण न्यूयॉर्कमध्येच गुन्हे झपाट्याने कमी झाले आणि त्याच्या कारणांवर अभ्यासकांत आजही एकमत नाही. कडक पोलिसी कारवाईचे समर्थक ते श्रेय स्वतःकडे घेतात. पण पुढचे आकडे पाहण्यासारखे आहेत. संशयावरून माणसाला रस्त्यात अडवून झडती घेण्याचे प्रकार 2011 मध्ये 6,85,000च्या वर गेले. अडवलेल्यांपैकी दहातल्या जवळजवळ नऊ जणांवर पुढे काहीच कारवाई झाली नाही, आणि त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय व लॅटिनो होते. 2013 मध्ये संघराज्यीय न्यायालयाने ही अंमलबजावणी घटनाबाह्य ठरवली. 2015 पर्यंत झडत्या पंचवीस हजारांच्याही खाली आल्या. खून मात्र वाढले नाहीत. 2011 मधील 515 वरून 2015 मध्ये ते 352 झाले. हजारो निरपराध तरुणांचा अपमान ही सुरक्षिततेची अपरिहार्य किंमत नव्हती, एवढे तरी यातून दिसते.

आता आपल्या फोर्टकडे वळू. किल्ल्याची तटबंदी 1860च्या दशकात पाडली गेली, पण नाव राहिले. या एकाच भागात जेकब्स यांच्या मांडणीची दोन्ही रूपे शेजारी शेजारी दिसतात. उत्तरेला बाजारगेटच्या गल्ल्यांत खाली दुकान, वर बिऱ्हाड अशी जुनी वस्ती आहे; तिथे रात्रीही कुणीतरी गॅलरीत उभे असते. पूर्वेला पोर्ट ट्रस्टने वसवलेले बॅलार्ड इस्टेट. देखणे, रुंद रस्त्यांचे, पण जवळजवळ सगळे कचेऱ्यांचे. रविवारी तिथे पोरे क्रिकेट खेळतात ती रस्ता रिकामा असतो म्हणूनच. वस्ती नसलेल्या अशा रस्त्यांवर अंधार पडल्यावर जाग असते ती चहावाला, पानवाला, इराण्याचे हॉटेल, पुस्तके मांडणारा फेरीवाला यांची. ‘सुशोभीकरणा’त सर्वांत आधी उठवले जातात तेही हेच.

नुसता पहारा किती अपुरा, याचे कटू उदाहरण याच भागाच्या लगत घडले. एप्रिल 2005 मध्ये मरीन ड्राइव्हच्या पोलीस चौकीतच एका हवालदाराने महाविद्यालयीन तरुणीवर बलात्कार केला. तिचा आक्रोश ऐकून धावले ते रस्त्यावरचे लोक. आठ वर्षांनी, ऑगस्ट 2013 मध्ये, महालक्ष्मी स्थानकाजवळच्या बंद शक्ती मिलच्या आवारात एका छायाचित्रकार पत्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. तिने तक्रार दिल्यावर त्याच आवारातला जुलैमधला आणखी एक गुन्हा उघड झाला. गजबजलेल्या शहराच्या पोटात, हाक ऐकू जाणार नाही अशी ओसाड जागा वर्षानुवर्षे पडून होती. 2016 पासून मुंबईत साडेचार हजारांहून अधिक कॅमेरे बसले. गुन्हेगार शोधायला त्यांचा मोठाच उपयोग होतो. पण कॅमेरा हाकेला धावून येत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक नोंदलेल्या गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. म्हणजे रस्त्याची भीती घालून मुलींना घरात बसवणे हा उपाय नव्हे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ या 2011च्या पुस्तकात हेच मांडले: बाईला विनाकारणही रस्त्यावर रेंगाळता आले पाहिजे. शिवाय गर्दी म्हणजे सुरक्षितता असे सरसकट समीकरणही चुकीचे आहे. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत 23 जण गेले. त्यानंतर उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून 150 मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. पूल आणि जिने मोकळे हवेतच. पण पुलावरची अडवणूक आणि निर्जन फुटपाथवरची एकुलती टपरी यांना एकच नियम लावून चालणार नाही. 2014च्या फेरीवाला कायद्यात सर्वेक्षण आणि नगर विक्रेता समिती यांची तरतूद आहे ती असा विवेक करता यावा म्हणूनच.

तेव्हा फोर्टसाठी मागण्या करायच्या, तर गस्त आणि कॅमेऱ्यांबरोबर आणखी काही नोंदवाव्यात. रिकाम्या मजल्यांवर पुन्हा बिऱ्हाडे येऊ द्यावीत. बंद पडलेल्या वास्तू आणि आवारांची जबाबदारी मालकावर ठरवून द्यावी. रात्रभर उघडी, स्वच्छ, दिवे असलेली महिला स्वच्छतागृहे असावीत. परवानाधारक टपऱ्यांना उशिरापर्यंत मुभा असावी. आणि दर सहा महिन्यांनी, रात्री साडेनऊला, महापालिकेच्या कुणीतरी या रस्त्यांवर उभे राहून एकट्या चालणाऱ्या बायका मोजाव्यात. त्याला वही आणि पेन्सिल याहून अधिक खर्च नाही.