हायडॅटिड गाठीभोवती साखरेची तटबंदी

पोटात दुखत नाही, ताप नाही, वजनही घटलेले नाही. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली जाते आणि यकृतात लिंबाएवढी, कधी नारळाएवढी, पाण्याने भरलेली गाठ दिसते. हायडॅटिड रोगाच्या अनेक रुग्णांचे निदान असेच अचानक होते. ही गाठ म्हणजे एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस या पट्टकृमीची अळी असते. शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेच्या डोळ्यांदेखत ती वर्षानुवर्षे वाढत राहते. ते तिला कसे साधते, याचे उत्तर बऱ्याच अंशी तिच्या बाह्य आवरणातील कर्बोदकांमध्ये दडले आहे.

हा कृमी प्रौढावस्थेत कुत्र्याच्या आतड्यात राहतो आणि त्याची लांबी जेमतेम २ ते ७ मिलिमीटर असते. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, गवतावाटे मेंढीच्या पोटात जातात आणि तिच्या यकृतात किंवा फुप्फुसात गाठ धरते. कापलेल्या मेंढीचे असे अवयव कुत्र्यापुढे टाकले, की चक्र पूर्ण होते. माणूस या चक्रात चुकून सापडतो. न धुतलेले हात आणि भाजीपाला ही त्याची वाट. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कोणत्याही वेळी जगभरात १० लाखांहून अधिक लोक एकायनोकॉकसच्या संसर्गाने बाधित असतात. भारतातही हा रोग आढळतो.

गाठीच्या आतील बाजूस कृमीच्या जिवंत पेशींचा पातळ थर असतो. या थरातून बाहेरच्या बाजूस सतत एक पांढरट, पेशीविरहित आवरण तयार होत राहते. त्याला स्तरित आवरण म्हणतात. त्याची जाडी २ ते ३ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. एवढ्या सूक्ष्म कुळातल्या जीवाने इतकी जाड भिंत बांधावी, हे नवलच.

ही भिंत नेमकी कशाची, याचा छडा प्रामुख्याने उरुग्वेत लागला. मेंढपाळीवर उभ्या असलेल्या त्या देशात हा रोग जुना आहे. माँटेव्हिडिओ येथील प्रजासत्ताक विद्यापीठातील आल्व्हारो दियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ आणि २०१३ मध्ये आवरणातील शर्करांची रचना उलगडून दाखविली. आवरणाचे मुख्य द्रव्य म्हणजे म्युसिन, आपल्या आतड्यातील बुळबुळीत स्रावात असतात त्याच वर्गातील प्रथिने. प्रत्येक प्रथिनावर शर्करेच्या असंख्य लहान साखळ्या, ब्रशच्या केसांप्रमाणे, चिकटलेल्या असतात. त्यांत गॅलॅक्टोजचे प्रमाण मोठे आहे. दुधातील साखरेचा अर्धा भाग असलेली हीच ती शर्करा.

या भिंतीचे वैशिष्ट्य असे, की ती कुंपणासारखी आहे, पत्र्यासारखी नाही. प्रथिनांचे मोठे रेणूही तिच्यातून आत झिरपतात. रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे गाठीतील द्रवात सापडतात ती त्यामुळेच. पेशींना मात्र आत शिरता येत नाही. शिवाय आवरणाचे झिजलेले कण आसपासच्या ऊतींत मिसळतात आणि ते गिळणाऱ्या प्रतिकारक पेशींच्या वर्तनात बदल घडवितात, असे याच विद्यापीठातील प्रयोगांतून दिसले आहे. म्युसिनच्या जाळीत फायटिक आम्लाचे कॅल्शियमयुक्त सूक्ष्म कणही असतात. धान्याच्या कोंड्यात आढळणारे हे द्रव्य कृमीच्या आवरणात असल्याचे २००२ मध्ये उघड झाले.

आणखी एक बाब रक्तपेढ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आवरणातील काही साखळ्यांच्या टोकाला दोन गॅलॅक्टोज आणि एक एन-ॲसिटिलग्लुकोसामाइन अशी तीन शर्करांची जोडणी असते. अनेक माणसांच्या तांबड्या पेशींवरील पी-१ या रक्तगटाची खूण तीच! गाठीतील द्रवात हा रक्तगट-पदार्थ असल्याचे १९५७ मध्ये ‘नेचर’मध्ये नोंदविले गेले. त्यानंतर पी-१ विरोधी प्रतिपिंडे निष्प्रभ करण्यासाठी हा द्रव प्रयोगशाळांत वापरला गेला. ज्यांच्या पेशींवर ही खूण नसते, अशा रुग्णांच्या रक्तात तिच्याविरुद्ध तीव्र प्रतिपिंडे तयार होतात. गाठीला मात्र त्याने फारसा धक्का लागत नाही.

या साऱ्याचा रुग्णाशी थेट संबंध आहे. गाठ अखंड असताना रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी नकारात्मक येऊ शकते, म्हणून निदानाची भिस्त सोनोग्राफीवर राहते. आवरण आतल्या आत सुटून द्रवात तरंगू लागले, की पडद्यावर कमळाच्या पानांसारखे दृश्य दिसते. डॉक्टरांनी त्या खुणेला कमळाचेच नाव दिले आहे. गाठ पोटात फुटली, तर तीव्र ॲलर्जीने प्राणावर बेतू शकते आणि सांडलेल्या अंशांतून नव्या गाठी धरतात. त्यामुळे शस्त्रक्रियेत भोवतालचा भाग तीव्र मिठाच्या पाण्यात भिजविलेल्या गॉजने झाकून घेतात आणि आधी-नंतर अल्बेंडाझोल देतात.

भिंत उभी राहिली, की तिला पाडणे अवघड. मेंढ्यांसाठीची ‘ईजी-९५’ ही लस म्हणूनच वेगळी वेळ साधते. ती अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या भ्रूणावरील प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, म्हणजे आवरण तयार होण्यापूर्वीच भ्रूण मारला जातो. माणसांसाठी मात्र अशी लस अद्याप वापरात नाही.