अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वे आणि रक्तवाहिन्यांची वाढ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रौढ माणसाच्या शरीरात नव्या रक्तवाहिन्या सदासर्वकाळ तयार होत नाहीत. जखम भरून येताना, मासिक चक्रात गर्भाशयाचे अस्तर नव्याने घडताना किंवा व्यायामामुळे स्नायूंची प्राणवायूची गरज वाढली असता जुन्या वाहिन्यांना नवे फाटे फुटतात आणि गरज भागली की ही वाढ थांबते. या प्रक्रियेला वैद्यकात अँजिओजेनेसिस म्हणतात. ‘सी’ आणि ‘ई’ यांसारख्या अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरणाला आळा घालणाऱ्या, जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा या प्रक्रियेशी असलेला संबंध समजला जातो तितका सरळ नाही.

गैरसमज १ : मुक्त मूलके केवळ घातक असतात, ती जितकी कमी, तितक्या रक्तवाहिन्या निरोगी.

वस्तुस्थिती : मुक्त मूलके म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारे, म्हणून चटकन अभिक्रिया करणारे रेणू. ती अतोनात वाढली तर पेशींची हानी होते हे खरे. परंतु ‘व्हीईजीएफ’ हे वाहिन्यांच्या वाढीस चालना देणारे प्रथिन रक्तवाहिनीच्या आतील अस्तराच्या पेशीला येऊन चिकटले की ती पेशी स्वतःच अशी मूलके आणि त्यांपासून होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड अल्प प्रमाणात निर्माण करते व त्यांच्याद्वारे वाढीचा संदेश पेशीच्या आत पोहोचतो. म्हणजेच ही द्रव्ये शरीराच्या संदेशव्यवस्थेचाही भाग आहेत आणि ती सरसकट पुसून टाकणे हितकारकच ठरेल असे नाही.

गैरसमज २ : ‘सी’ जीवनसत्त्व जितके जास्त घ्यावे, तितक्या रक्तवाहिन्या बळकट होतात.

वस्तुस्थिती : वाहिन्यांच्या भिंतींना आधार देणारे कोलॅजन हे प्रथिन नीट घडण्यासाठी ‘सी’ जीवनसत्त्व अनिवार्य आहे, ते न मिळाल्यास स्कर्व्ही होऊन हिरड्यांतून रक्त येते. मात्र ही उणीव भरून निघाल्यावर अधिक मात्रेचा बराचसा भाग लघवीवाटे बाहेर जातो. शिवाय प्राणवायू कमी पडल्यावर ‘व्हीईजीएफ’ची निर्मिती वाढवणारे ‘एचआयएफ’ हे प्रथिन एरवी ज्या विकरांमुळे नष्ट होते, त्या विकरांच्या कार्यालाही याच जीवनसत्त्वाचे साहाय्य होते. ‘एचआयएफ’च्या या यंत्रणेच्या उलगड्यासाठी २०१९चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. एकच जीवनसत्त्व वाहिनीची भिंत घडवण्यास हातभार लावते आणि नवी वाहिनी मागवणारा संदेश आवरण्यासही, त्यामुळे त्याचा परिणाम ‘वाढ’ किंवा ‘घट’ अशा एका शब्दात सांगता येत नाही.

गैरसमज ३ : अँटिऑक्सिडंट गोळ्या कर्करोगाच्या गाठीचा रक्तपुरवठा तोडतात.

वस्तुस्थिती : गाठीला वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या लागतात, हा विचार अमेरिकी शल्यविशारद जुडा फोकमन यांनी १९७१मध्ये मांडला आणि पुढे या वाहिन्या रोखणारी औषधेही आली, परंतु जीवनसत्त्वांच्या गोळ्या तेच काम करतात हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०२३मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाबाबत प्रसिद्ध केलेल्या प्रायोगिक अभ्यासात उलटेच दिसले : ‘सी’, ‘ई’ यांसारख्या अँटिऑक्सिडंटांमुळे मुक्त मूलके घटली, त्यामुळे ‘बीएसीएच१’ हे प्रथिन नष्ट न होता टिकून राहिले आणि त्याने गाठीत नव्या वाहिन्या वाढवणारी जनुके कार्यान्वित केली. हे निष्कर्ष प्रामुख्याने पेशी आणि उंदीर यांच्यावरील आहेत, म्हणून ते रुग्णांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. मात्र फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या आणि १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बीटा कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटाच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. त्या चाचणीत रक्तवाहिन्या मोजल्या नव्हत्या, तरीही गोळ्यांनी कर्करोग टळतो या समजुतीला तिने जोरदार धक्का दिला.

गैरसमज ४ : या गोळ्या सर्वांच्याच डोळ्यांचे रक्षण करतात.

वस्तुस्थिती : उतारवयात दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा ऱ्हास होतो आणि त्याच्या एका प्रकारात तेथे नाजूक, गळक्या वाहिन्या उगवून दृष्टी जाते. अमेरिकेतील ‘एरेड्स’ या २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ‘सी’, ‘ई’, बीटा कॅरोटीन, जस्त आणि तांबे यांच्या मिश्रणामुळे, रोग मध्यम अवस्थेत पोहोचलेल्यांमध्ये, तो गंभीर होण्याची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी घटली. निरोगी डोळ्यांत रोग उद्भवणे त्यामुळे टळते असे सिद्ध झाले नाही आणि परिणाम मिश्रणाचा असल्याने त्याचे श्रेय एकट्या ‘सी’ किंवा ‘ई’ला देता येत नाही. धूम्रपान करणाऱ्यांचा धोका लक्षात घेऊन २०१३च्या पुढील चाचणीनंतर बीटा कॅरोटीनऐवजी ल्युटीन व झियाझँथिन सुचवले गेले.

गैरसमज ५ : फळांतून मिळणारेच जीवनसत्त्व गोळीत असल्याने ती निरुपद्रवी असते.

वस्तुस्थिती : फरक मात्रेचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाकाठी ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम ‘सी’ जीवनसत्त्व पुरते, तर औषधाच्या दुकानात मिळणारी गोळी सर्रास ५०० मिलिग्रॅमची असते. आवळा, पेरू, लिंबू यांचा नेहमीचा आहार या शंकांच्या कक्षेत येत नाही. परंतु अधिक मात्रेतील ‘ई’ जीवनसत्त्व रक्त गोठण्यात अडथळा आणू शकते, म्हणून वॉरफरिनसारखे रक्त गोठणे रोखणारे औषध घेणाऱ्यांनी ते परस्पर सुरू करू नये. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या रुग्णाने चालू असलेल्या प्रत्येक पूरक गोळीचे नाव व मात्रा तज्ज्ञांना सांगणे आवश्यक आहे. कारण रक्तवाहिन्यांच्या वाढीवर तिचा परिणाम केवळ गोळीवर नव्हे, तर घेणाऱ्याच्या शरीरात ती वाढ जखमेसाठी चालली आहे, डोळ्यात की गाठीत, यावरही अवलंबून असतो.