संगणकाचे आक्षेप आणि इशारे

श्रोतेहो, आपल्या घरांतील मुलें-मुली महाविद्यालयांत 'सी' किंवा 'सी प्लस प्लस' ही संगणकाची भाषा शिकत असतील. त्यांच्या पडद्यावर उमटणाऱ्या शेऱ्यांचा अर्थ आज आपण पाहूं.

मनुष्यानें लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेंत उतरवून देणारा जो दुभाषा, त्यास कंपायलर म्हणतात. हा व्याकरणाचा मोठा कडवा. वाक्याच्या शेवटीं अर्धविराम राहिला कीं तो 'एरर' म्हणजे चूक दाखवितो व भाषांतर नाकारतो. मात्र तो बोट ठेवितो तें स्वतः जेथें अडखळला तेथें. मूळ दोष पुष्कळदां वरच्या ओळींत असतो. शिवाय एक कंस राहिला तर दहा चुका दिसूं शकतात, कारण अडखळल्यावरही तो पुढें वाचीत जातो. या रीतीचा पूर्वीं मोठा उपयोग होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६४ सालीं 'सीडीसी ३६००' हा संगणक आला, तेव्हां आज्ञावली छिद्रें पाडलेल्या पत्त्यांवर द्यावी लागे. प्रत्येक खेपेस पाळीची वाट पाहावयाची, तर एका खेपेंत जितक्या चुका कळतील तितक्या बऱ्या! आज मात्र पहिली चूक आधीं सुधारावी व पुन्हा तपासावें. बाकीच्यांपैकीं कित्येक आपोआप नाहींशा होतात.

'वॉर्निंग' म्हणजे इशारा, हा प्रकार निराळा. येथें व्याकरण शुद्ध असतें, पण हेतूविषयीं शंका असते. आणि काम थांबत नाहीं. आमच्या भिवंडीकडे साध्या यंत्रमागावर धोट्यांतला आडवा धागा तुटला कीं माग थांबतो. उभा धागा तुटला तर माग चालूच राहतो व कापडांत दोष विणला जातो. इशारा असतो तो अशा दुसऱ्या दोषाविषयीं.

उदाहरण घ्या. वर्गांत पैकींच्या पैकीं १०० गुण मिळविणारांची यादी करावयाची आहे. डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास रचलेल्या 'सी' भाषेंत तुलनेसाठीं बरोबरचीं दोन चिन्हें लागतात. एकच चिन्ह लिहिलें तर 'गुण १०० करा' अशी आज्ञा होते. मग ज्याला १२ गुण आहेत त्याचेही १०० होतात आणि सारा वर्ग यादींत येतो! ही चूक नव्हे, म्हणून आज्ञावली बिनतक्रार चालते. 'जीसीसी' हा प्रसिद्ध कंपायलर तर येथें 'वॉल' ही जादा सूचना दिल्यावांचून इशाराही देत नाहीं. दिला तर म्हणतो, हेतु असाच असेल तर आणखी एक कंस घाला. घाईचा विद्यार्थी तो कंस घालतो. इशारा जातो, आणि वर्गाचे गुण मात्र १०० च राहतात.

म्हणून ती सूचना नेहमीं द्यावी, आणि इशारे चुकांइतकेच अडवून धरावेत. तशी आज्ञाही कंपायलरला देतां येते. आणि घरच्या मुलानें 'आतां एकही इशारा उरला नाहीं' म्हणून सांगितलें, तर आपण एवढेंच विचारावें: तो कशानें गेला?