काचेआडचे ऊन

सकाळी बंद खिडकीपाशी खुर्ची ओढून उन्हात बसलेले आजोबा अनेक घरांत दिसतात. अंगाला छान ऊब लागते. ‘रोज तासभर ऊन घेतो, तरी ‘ड’ जीवनसत्त्व कमी कसे?’ हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तराचा धागा जर्मनीतल्या एका जुन्या प्रयोगापर्यंत जातो.

१८८७ मध्ये हाइनरिश हर्ट्झ विजेच्या ठिणग्यांवर प्रयोग करत होते. एका ठिणगीचा प्रकाश धातूच्या दोन टोकांवर पडला, की त्यांच्यामधली ठिणगी जास्त लांब उडे. मध्ये काच धरली, की हा परिणाम नाहीसा होई. क्वार्ट्झ धरले तर टिकून राही. म्हणजे काम करत होते ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण, आणि काच नेमके तेच अडवत होती. या किरणांमुळे धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, हे पुढे स्पष्ट झाले.

१९०५ मध्ये आइनस्टाइन यांनी त्याचा उलगडा केला. प्रकाश ऊर्जेच्या पुडक्यांनी येतो आणि पुडके केवढे, हे प्रकाशाच्या वारंवारतेवर ठरते. प्रत्येक धातूची एक किमान वारंवारता असते. तिला उंबरठा वारंवारता म्हणतात. जस्तातून इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ४.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. लाल प्रकाशाच्या पुडक्यात जेमतेम १.८ असतात. दोन रुपयांचेच नाणे घेणाऱ्या वजनकाट्यात रुपयाची दहा नाणी टाकली, तरी तिकीट येत नाही. तसेच लाल दिवा कितीही प्रखर केला, तरी जस्त दाद देत नाही.

त्वचेतून इलेक्ट्रॉन उडत नाहीत, पण हिशेब तसाच आहे. त्वचेतल्या कोलेस्टेरॉलसदृश पदार्थापासून ‘ड’ जीवनसत्त्व तयार व्हायला साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण लागतात. खिडकीची साधी काच ते जवळपास सगळे अडवते. ऊब आत येते, औषध बाहेरच राहते. अगदी कोवळ्या उन्हातही हे किरण फार थोडे असतात.

म्हणून खिडकी उघडावी किंवा गॅलरीत, अंगणात बसावे. ऊन थोडे वर आल्यावर हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ पुरे. त्वचा लाल होईपर्यंत बसू नये. कमतरता असेल तर गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात; मनाने घेतलेल्या जास्त मात्रेमुळे रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.