‘देवमाणूस’ आणि आपली सहानुभूती

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील अनेक घरांत पाळीवरून परतल्यावर कुटुंब मालिकेसमोर एकत्र बसते. २०२०-२१ मध्ये झी मराठीवर गाजलेल्या ‘देवमाणूस’ मालिकेचा नायक गावाचा लाडका डॉक्टर, प्रत्यक्षात मात्र खुनी आहे. २०१६ साली वाई येथे उघडकीस आलेल्या हत्यासत्रावरून ही कथा सुचली. त्याचे गुपित गावाला ठाऊक नसते, आपल्याला असते. त्यामुळे तो पकडला जाईल ही धास्ती आपल्यालाच वाटू लागते आणि बळी विस्मरणात जातात.

पवित्र शास्त्रही दावीद राजाचे पाप झाकत नाही. परंतु तेथे नाथान संदेष्टा मारल्या गेलेल्या उरीयाचे नाव राजासमोर उच्चारतो (२ शमुवेल १२:९).

मालिका पाहू नये, असे नव्हे. पाहून झाल्यावर मुलांना एवढेच विचारावे: मेलेल्यांची नावे आठवतात का?