घोडा आधी कुणाचा?

स्टुटगार्टला पोहोचले त्याच दिवशी मी माती खाल्ली. एका सरकारी पाटीवर सोनेरी ढाल होती आणि ढालीवर मागच्या पायांवर उधळलेला काळा घोडा. मी मैत्रिणीला म्हटलं, "पोर्शेने अख्खं शहर स्पॉन्सर केलंय की काय?" चार वर्षं तिथे नोकरी करणारी ती हसत सुटली. "उलटं आहे गं! पोर्शेने शहराचा घोडा घेतलाय."

आता बोला! १९६८ पासून हे शहर आपल्या मुंबईचं सिस्टर सिटी, आणि मला एवढंही माहीत नव्हतं.

पोर्शेचा लोगो आला १९५२ मध्ये. पुढच्या वेळी नीट बघा, घोड्याच्या डोक्यावर चक्क 'स्टुटगार्ट' लिहिलेलं असतं. शहराच्या शिक्क्यावर मात्र १३१२ पासून घोडे आहेत. तेही एक नाही, दोन! पुढे त्यातला एक गळला, उरलेल्याची पोझ बदलत गेली, रंगही बदलले. आजचं काळं-सोनेरी रूप पक्कं झालं ते १९३८ मध्ये.

पण घोडाच का? उत्तर नावातच आहे. 'स्टुओटगार्टन' म्हणजे घोड्यांच्या पैदाशीची जागा, आपल्या भाषेत स्टड फार्म. इसवी सन ९५० च्या सुमारास स्वाबियाचा ड्यूक लिउडोल्फ याने तो इथे उभारला, असं मानलं जातं. आजच्या जर्मनमध्येही 'श्टूटे' म्हणजे घोडी.

इथे मी थबकले. लोगोत आपल्याला दिसतो तो वेग, तो रुबाब. शहराचं नाव मात्र घोड्या आणि शिंगरं सांभाळणाऱ्या जागेवरून आलंय. रेस जिंकणारा घोडा सगळ्यांना दिसतो, त्याला वाढवणारं कुरण कुणाच्या लक्षात येतं?

मैत्रिणीला हे सांगितलं, तेव्हा ती गप्पच झाली. बरोबरीचे सगळे मॅनेजर झाले, हिचं प्रमोशन अडकलेलं. परत यायचं का, हाच विचार त्या आठवड्यात तिच्या डोक्यात चालू होता. निघताना तिने मला शहराच्या त्या चिन्हाचं फ्रिज मॅग्नेट दिलं आणि म्हणाली, "अजून एक वर्ष बघते. कुरण वाईट नाहीये."

मॅग्नेट आता माझ्या फ्रिजवर आहे. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "काय गं, पोर्शे घेतलीस?"